बंदूक कोणाच्या हाती? अमेरिकेतील शस्त्रखरेदीची पात्रता आणि तिचा न संपणारा वाद

अमेरिकेतील परवानाधारक शस्त्रविक्रेत्याच्या दुकानातून बंदूक विकत घेणाऱ्याला प्रथम एक छापील अर्ज भरावा लागतो. हा अर्ज संघराज्य सरकारचा असून त्याचा क्रमांक ४४७३ आहे. नाव, पत्ता, जन्मतारीख, नागरिकत्व ही माहिती झाली की प्रश्नांची मालिका सुरू होते. एक वर्षाहून अधिक कारावास होऊ शकेल अशा गुन्ह्यात आपणांस दोषी ठरविण्यात आले आहे काय? आपण फरारी आहात काय? आपण अमली पदार्थांचे बेकायदा सेवन करता काय? न्यायालयाने वा अन्य अधिकृत मंडळाने आपणांस मानसिकदृष्ट्या अक्षम ठरविले आहे काय, किंवा सक्तीने मनोरुग्णालयात दाखल केले आहे काय? उत्तरे 'होय' किंवा 'नाही' एवढीच द्यायची असतात. खरेदीदार सही करतो, दुकानदार दूरध्वनीने वा संगणकावरून चौकशी करतो आणि बहुतेक वेळा काही मिनिटांतच निर्णय कळतो.

बंदूक बाळगण्यास कोण योग्य आणि कोण अयोग्य, या प्रश्नाला अमेरिकेच्या संघराज्य सरकारने आजवर दिलेले उत्तर जवळजवळ सगळे या एका अर्जात सामावले आहे. नेम धरता येतो का, बंदूक कुलूपबंद कशी ठेवावी हे ठाऊक आहे का, ती कशासाठी हवी आहे, शेजाऱ्यापाजाऱ्यांचे या माणसाविषयी काय मत आहे, यांपैकी काहीही अर्ज विचारीत नाही. भारतात शस्त्रपरवान्यासाठी जिल्हाधिकारी किंवा पोलीस आयुक्त यांच्या कार्यालयात खेटे घातलेल्या मराठी माणसाला याचे आश्चर्य वाटणे स्वाभाविक आहे.

दोन देश, दोन गृहीतके

भारतात १९५९चा शस्त्र अधिनियम आणि २०१६चे शस्त्र नियम लागू आहेत. तेथे परवाना मागणाऱ्याने गरज पटवून द्यायची असते. पोलीस चौकशी होते, वैद्यकीय प्रमाणपत्र लागते, प्रशिक्षणाचा दाखला लागतो. २०१९च्या दुरुस्तीने एका व्यक्तीला बाळगता येणाऱ्या शस्त्रांची संख्या तीनवरून दोनवर आणली. निवडणुका लागल्या की गावोगावचे परवानाधारक आपापली शस्त्रे पोलीस ठाण्यात जमा करतात, हे दृश्य महाराष्ट्रात सर्वांच्या परिचयाचे आहे. अमेरिकन माणसाला ते अजब वाटेल.

या व्यवस्थेच्या मुळाशी वसाहतकाळ आहे. लॉर्ड लिटनच्या काळात १८७८ साली आलेल्या शस्त्र कायद्याने हिंदी प्रजेवर परवान्याची सक्ती केली आणि युरोपीयांना तीतून सूट दिली. राष्ट्रीय सभेच्या आरंभीच्या अधिवेशनांत या कायद्याविरुद्ध ठराव झाले होते. स्वातंत्र्यानंतर भेदभाव गेला, पण शस्त्र ही राज्यसंस्थेने दिलेली सवलत आहे हे गृहीतक कायम राहिले.

अमेरिकेचे गृहीतक याच्या नेमके उलट आहे. १७९१ साली संविधानाला जोडलेली दुसरी दुरुस्ती इंग्रजीत अवघ्या २७ शब्दांची आहे. तिच्या पहिल्या भागात सुव्यवस्थित लोकसेनेचा उल्लेख येतो, दुसऱ्या भागात शस्त्रे बाळगण्याच्या लोकांच्या हक्काचा. पहिला भाग दुसऱ्याला मर्यादा घालतो की केवळ त्याचे कारण सांगतो, यावर दोन शतके खल झाला. २००८ साली 'डिस्ट्रिक्ट ऑफ कोलंबिया विरुद्ध हेलर' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी निवाडा दिला, की हा हक्क व्यक्तीचा आहे आणि लोकसेनेशी तो बांधलेला नाही. त्याच निकालपत्रात न्यायमूर्ती अँटोनिन स्कालिया यांनी एक वाक्य घातले: गंभीर गुन्हेगार आणि मानसिकदृष्ट्या आजारी यांच्यावरील दीर्घकालीन निर्बंधांवर या निकालाने प्रश्नचिन्ह लागत नाही. पुढच्या सर्व वादाला या वाक्याने पाया पुरविला. हक्क सर्वांचा, पण काही माणसे त्याला अपात्र, एवढे दोन्ही बाजूंना मान्य झाले. ती माणसे कोणती आणि त्यांना ओळखायचे कसे, हे मात्र अद्याप ठरलेले नाही.

अपात्रांची यादी कशी वाढत गेली

प्रत्येक कायद्यामागे एक प्रेत असते, असे या इतिहासाकडे पाहून कोणी म्हटले तर त्यात फारशी अतिशयोक्ती होणार नाही. टोळीयुद्धांच्या काळानंतर १९३४ साली मशीनगन व आखूड नळीच्या बंदुकांवर २०० डॉलरचा कर बसला. १९६३ साली अध्यक्ष केनेडी यांची हत्या ज्या रायफलीने झाली ती खोट्या नावाने टपालाद्वारे मागविलेली होती. तरीही कायदा व्हायला पाच वर्षे लागली. १९६८च्या एप्रिलमध्ये मार्टिन ल्यूथर किंग आणि जूनमध्ये रॉबर्ट केनेडी यांचे खून झाल्यावर त्याच वर्षी ऑक्टोबरात अध्यक्ष जॉन्सन यांनी 'गन कंट्रोल ॲक्ट'वर सही केली. टपालाने शस्त्रविक्री बंद झाली, विक्रेत्यांना परवाने आले आणि गुन्हेगार, फरारी, व्यसनाधीन व मानसिकदृष्ट्या अक्षम अशा अपात्र वर्गांची यादी संघराज्य कायद्यात शिरली. परवानाधारक दुकानातून पिस्तूल घेण्यास २१ वर्षे आणि रायफल वा शॉटगन घेण्यास १८ वर्षे ही वयोमर्यादाही तेव्हाचीच.

यादी झाली, पण ती तपासणारे कोणीच नव्हते. खरेदीदाराने 'नाही' लिहिले की काम झाले. १९८१ साली अध्यक्ष रेगन यांच्यावर गोळ्या झाडणाऱ्या तरुणाने टेक्सासातील तारण-वस्तूंच्या दुकानातून रिव्हॉल्व्हर घेतले होते. त्या हल्ल्यात कायमचे जायबंदी झालेले प्रसिद्धीसचिव जेम्स ब्रॅडी आणि त्यांची पत्नी सेरा यांनी दीर्घ लढा दिल्यावर १९९३ साली 'ब्रॅडी कायदा' झाला. आरंभी पाच दिवसांची प्रतीक्षा होती. नोव्हेंबर १९९८पासून एफबीआयची संगणकीकृत तत्काळ तपासणी व्यवस्था सुरू झाली आणि ती प्रतीक्षा संपली. दरम्यान घरगुती हिंसाचाराबाबत न्यायालयीन मनाई-हुकूम असलेले (१९९४) आणि अशा हिंसाचाराच्या किरकोळ समजल्या जाणाऱ्या गुन्ह्यातही दोषी ठरलेले (१९९६) हे दोन वर्ग यादीत आले. जून २०२२मध्ये, युवाल्डी येथील शाळेत १९ मुले व दोन शिक्षिका मारल्या गेल्यानंतर महिन्याभरात झालेल्या कायद्याने २१ वर्षांखालील खरेदीदारांच्या बालगुन्हेगारी व मानसिक आरोग्याच्या नोंदी पाहण्यासाठी दहा कामकाजी दिवसांपर्यंत मुदत दिली आणि विवाहबाह्य जोडीदारावरील हिंसाचारही मर्यादित स्वरूपात अपात्रतेत आणला.

छिद्रे

व्यवस्थेचा खरा कस ती जेथे फसली तेथे लागतो. अशा घटना एकमेकींशेजारी ठेवल्या की प्रत्येक वेळी वेगळे छिद्र दिसते.

व्हर्जिनिया टेक विद्यापीठात १६ एप्रिल २००७ रोजी ३२ जणांचे प्राण गेले. मृतांत मुंबईहून शिकायला आलेली एक विद्यार्थिनीही होती. हल्लेखोर विद्यार्थ्याला २००५ साली न्यायालयाने स्वतःसाठी धोकादायक ठरवून बाह्यरुग्ण उपचारांचा आदेश दिला होता. संघराज्य कायद्याच्या दृष्टीने तो अपात्र होता. परंतु व्हर्जिनिया राज्य केवळ रुग्णालयात दाखल केलेल्यांचीच नोंद पुढे पाठवीत असे, बाह्यरुग्णांची नव्हे. संगणकात नाव नव्हते, त्यामुळे दोन्ही पिस्तुले त्याला रीतसर मिळाली.

राज्यांनी नोंदी पाठवाव्यात अशी सक्ती का नाही, असा प्रश्न येथे पडतो. त्याचे उत्तर १९९७च्या 'प्रिंट्झ' खटल्यात आहे. संघराज्य सरकारला राज्यांच्या अधिकाऱ्यांना आपल्या कामाला जुंपता येत नाही, असा तो निकाल. म्हणून वॉशिंग्टनला अनुदानाचे आमिष दाखवावे लागते. २००८ साली तसा कायदा झाला आणि मानसिक आरोग्यविषयक नोंदींची संख्या पुढील वर्षांत कितीतरी पटींनी वाढली. मात्र स्वतःच्याच खात्यांकडूनही सरकारला नोंदी वेळेवर मिळत नाहीत, हे २०१७ साली टेक्सासातील सदरलँड स्प्रिंग्ज येथे दिसले. चर्चमध्ये गोळीबार करणाऱ्या माजी सैनिकाला पत्नी व सावत्र मुलाला मारहाण केल्याबद्दल लष्करी न्यायालयाने शिक्षा दिली होती. हवाई दलाने ती एफबीआयला कळविलीच नव्हती.

दुसरे छिद्र वेळेचे. तीन कामकाजी दिवसांत तपासणीचे उत्तर न आल्यास दुकानदार कायद्याने बंदूक देऊ शकतो. चार्ल्सटन येथील कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये जून २०१५मध्ये नऊ जणांना ठार करणाऱ्याला शस्त्र असेच मिळाले. अमली पदार्थ बाळगल्याच्या अटकेचे कागद शोधता शोधता मुदत उलटून गेली होती.

तिसरे, आणि सर्वांत अधिक चर्चिले गेलेले छिद्र खाजगी विक्रीचे. तपासणीची सक्ती परवानाधारक विक्रेत्यावर आहे. धंदा म्हणून नव्हे तर स्वतःजवळची बंदूक म्हणून विकणाऱ्यावर संघराज्य कायद्याने ती नाही. १९९९ साली कोलंबाइन शाळेत हल्ला करणाऱ्या दोन अल्पवयीन मुलांसाठी त्यांच्या १८ वर्षांच्या मैत्रिणीने शस्त्रमेळ्यात खाजगी विक्रेत्यांकडून बंदुका घेतल्या होत्या. कोलोरॅडोच्या मतदारांनी पुढच्याच वर्षी सार्वमताने मेळ्यांतील ही पळवाट बुजविली. देशपातळीवर मात्र २०१२च्या सँडी हूक हत्याकांडात २० बालके गेल्यानंतरही मँचिन व टूमी या दोन पक्षांच्या दोन सिनेटरांनी आणलेला माफक प्रस्ताव एप्रिल २०१३मध्ये पडला. बाजूने ५४ मते होती, पण सिनेटच्या रिवाजानुसार ६० लागत होती. सर्व विक्रींवर तपासणी असावी, याला जनमत चाचण्यांत सातत्याने ऐंशी टक्क्यांहून अधिक लोक अनुकूलता दाखवितात. लोकमत आणि कायदा यांच्यात एवढी दरी असलेले विषय अमेरिकेत थोडेच असतील.

'वेडे' कोण?

प्रत्येक सामूहिक हत्याकांडानंतर 'मनोरुग्णांच्या हाती बंदूक जाऊ नये' हे वाक्य दोन्ही पक्षांच्या तोंडी येते. त्यावर एकमत दिसते, ते वरवरचे आहे.

एक तर कायद्याची कसोटी वैद्यकीय नाहीच. नैराश्याचे निदान झालेला, गोळ्या घेणारा, स्वतःहून रुग्णालयात दाखल झालेला माणूस अपात्र ठरत नाही. अपात्रतेसाठी न्यायालयाचा वा मंडळाचा औपचारिक निर्णय किंवा सक्तीची भरती लागते. बफेलो येथे मे २०२२मध्ये दहा जणांना मारणाऱ्या तरुणाने वर्षभरापूर्वी शाळेच्या लेखी कामात खून-आत्महत्येचा उल्लेख केला होता. पोलिसांनी त्याला तपासणीसाठी रुग्णालयात नेले, तेथून तो सुटला आणि पुढे त्याने दुकानातून रीतसर बंदूक घेतली. अर्जावर त्याला खोटे लिहावेही लागले नाही.

दुसरे, गंभीर मानसिक आजार हे हिंसाचाराचे मोठे कारण नाही. ड्यूक विद्यापीठातील संशोधक जेफ्री स्वॉन्सन यांच्या अभ्यासानुसार असे सर्व आजार उद्या बरे झाले तरी माणसांमाणसांतील हिंसा सुमारे चारच टक्क्यांनी घटेल. त्यांच्या मते निदानापेक्षा पूर्वीचे हिंसक वर्तन, मद्याचा अतिरेक आणि घरगुती मारहाण ही भविष्याची अधिक विश्वासार्ह चिन्हे आहेत. निदानाची यादी लांबविली तर उपचार घेण्यास लोक कचरतील, ही भीती मनोविकारतज्ज्ञांनाही वाटते. या वादात नेहमीची गोटबाजी मोडल्याचे एक उदाहरण आहे. मानसिक कारणाने अपंगत्व-भत्ता घेणारे आणि ज्यांचे पैसे दुसरी व्यक्ती सांभाळते अशा सुमारे ७५ हजार जणांची नावे तपासणी यादीत घालण्याचा नियम ओबामा प्रशासनाने २०१६च्या अखेरीस आणला. बंदूकधारकांची संघटना 'एनआरए' त्याच्या विरोधात होती हे ओघानेच आले. पण नागरी हक्कांसाठी झटणारी 'एसीएलयू'ही विरोधात उभी राहिली. पैशांचा हिशेब न जमणे म्हणजे धोकादायक असणे नव्हे, असे तिचे म्हणणे होते. फेब्रुवारी २०१७मध्ये काँग्रेसने व अध्यक्ष ट्रम्प यांनी तो नियम रद्द केला.

आणि जी गोष्ट वृत्तवाहिन्यांवर क्वचित येते ती आकड्यांत ठळक आहे. २०२३ साली अमेरिकेत बंदुकीने ४६ हजार ७२८ मृत्यू झाले. त्यांतील सुमारे २७ हजार ३०० आत्महत्या होत्या. बंदुकीने केलेला आत्महत्येचा प्रयत्न दहांपैकी जवळजवळ नऊ वेळा प्राणघातक ठरतो. पात्रतेची चर्चा अनोळखी खुन्याभोवती फिरत राहते, पण अपात्रतेची वेळ बहुधा घरातल्याच, ओळखीच्या आणि कालपर्यंत पूर्ण पात्र असलेल्या माणसावर येते.

याच जाणिवेतून 'रेड फ्लॅग' कायदे निघाले. कुटुंबीय किंवा पोलिसांच्या अर्जावरून न्यायाधीश एखाद्याची शस्त्रे ठरावीक काळासाठी काढून घेऊ शकतात. निदान नव्हे, तर सध्याचे वर्तन पाहिले जाते. कनेक्टिकटने १९९९ साली आरंभ केला आणि आज वीसहून अधिक राज्यांत असे कायदे आहेत. आधी सुनावणी न होता मालमत्ता जप्त होते, असा विरोधकांचा आक्षेप आहे आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. अंतिम आदेशापूर्वी सुनावणीची तरतूद म्हणूनच या कायद्यांत असते. मेन राज्याने वैद्यकीय तपासणीची अट घालून सौम्य कायदा केला होता. ऑक्टोबर २०२३मध्ये लुईस्टन येथे १८ जणांना मारणाऱ्या राखीव सैनिकाविषयी कुटुंबाने आणि सहकाऱ्यांनी आगाऊ इशारे देऊनही तो वापरला गेला नाही. नोव्हेंबर २०२५मध्ये तेथील मतदारांनी पूर्ण 'रेड फ्लॅग' कायद्याला कौल दिला.

राज्य बदलले की नियम बदलतो

मराठी कुटुंबांची मोठी वस्ती असलेल्या न्यू जर्सीत बंदूक घेण्यापूर्वी स्थानिक पोलिसांकडून खरेदीदार-ओळखपत्र घ्यावे लागते. बोटांचे ठसे, ओळख देणाऱ्या व्यक्तींची नावे, मानसिक आरोग्याच्या नोंदी पाहण्यास संमती हे सारे त्यात येते. इलिनॉयमध्ये राज्य पोलिसांचे ओळखपत्र, कॅलिफोर्नियात लेखी चाचणी आणि दहा दिवसांची प्रतीक्षा. टेक्सासात मात्र संघराज्याच्या तपासणीपलीकडे खरेदीदाराला फारसे काही करावे लागत नाही आणि सप्टेंबर २०२१पासून पात्र प्रौढास परवान्याविना पिस्तूल सोबत बाळगता येते. अशी मुभा देणारी राज्ये आता २९ आहेत.

खरेदीपूर्व परवान्याने काही साधते का, याचा कौल दोन राज्यांनी नकळत दिला. कनेक्टिकटने १९९५ साली असा परवाना सक्तीचा केला, तर मिझुरीने आपला जुना कायदा २००७ साली रद्द केला. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांना पहिल्या राज्यात बंदुकीने होणारे खून घटल्याचे आणि दुसऱ्यात वाढल्याचे आढळले. दोन राज्यांवरून सर्व देशाचा निष्कर्ष काढू नये, अशी टीका झाली आणि ती रास्त आहे. तरीही तत्काळ तपासणीपेक्षा परवाना अधिक परिणामकारक दिसतो, असे म्हणणाऱ्यांच्या हाती यातून काहीतरी ठोस आले.

न्यायालयांनी मात्र वाट अरुंद केली आहे. जून २०२२च्या 'ब्रुएन' निकालाने न्यू यॉर्कचा शतकभर जुना, 'सबळ कारण' दाखविण्याचा नियम रद्द झाला. निर्बंध राष्ट्राच्या ऐतिहासिक परंपरेशी जुळला पाहिजे, अशी नवी कसोटी आली. तिचा आधार घेऊन एका अपील न्यायालयाने घरगुती हिंसाचाराच्या मनाई-हुकुमाखालील व्यक्तींवरील बंदीच फेटाळली, कारण अठराव्या शतकात बायकोला मारणाऱ्याचे शस्त्र काढून घेणारा कायदा नव्हता. हा तर्क सर्वोच्च न्यायालयालाही पेलला नाही. जून २०२४मध्ये 'रहिमी' खटल्यात ८ विरुद्ध १ मतांनी ती बंदी पुन्हा वैध ठरली. इतिहासात तत्त्व शोधावे, हुबेहूब जुळे नव्हे, असे न्यायालयाने सांगितले. ऑरेगॉनच्या मतदारांनी २०२२ साली निसटत्या बहुमताने परवाना व प्रशिक्षणाची सक्ती मंजूर केली, पण तिची अंमलबजावणी न्यायालयीन लढाईत वर्षानुवर्षे अडकली.

व्हिसाधारकांनी लक्षात ठेवण्याजोगे

अपात्रांच्या यादीतील एका वर्गाची माहिती भारतीय समाजात फारच थोड्यांना असते. विद्यार्थी, एच-१बी, एच-४ यांसारख्या बिगर-स्थलांतरित व्हिसावर आलेल्या व्यक्तीला १९९८पासून बंदूक वा काडतुसे विकत घेण्यास आणि बाळगण्यास संघराज्य कायद्याने मनाई आहे. मुख्य अपवाद शिकारीचा वैध परवाना असलेल्यांचा. ग्रीन कार्डधारकांना ही मनाई लागू नाही. 'बाळगणे' या शब्दाची व्याप्ती मोठी आहे. नेमबाजीच्या मैदानावर मित्राची किंवा भाड्याची बंदूक तासभर हाती घेणेही त्यात मोडते. २०१९च्या 'रेहाइफ' खटल्यातील आरोपी विद्यार्थी व्हिसावर आलेला होता. विद्यापीठाने काढून टाकल्यावर तो देशात बेकायदा राहिला आणि फ्लोरिडातील एका मैदानावर गोळ्या झाडून आला, एवढ्यावरून त्याच्यावर खटला झाला. आपण अपात्र वर्गात मोडतो हे आरोपीला ठाऊक होते, असे सरकारने सिद्ध केले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने तेव्हा ठरविले. कायदा ठाऊक नव्हता हा बचाव मात्र त्याने दिलेला नाही.

याउलट भारतातील न्यायालयाने दिलेली शिक्षा संघराज्याच्या या यादीत धरली जात नाही. परदेशी न्यायालयांचे निकाल त्यात येत नाहीत, असे 'स्मॉल' खटल्यात २००५ साली ठरले आहे. गांजाच्या बाबतीत गोंधळ याहून मोठा आहे. राज्याने गांजा कायदेशीर केला असला तरी संघराज्याच्या लेखी त्याचे सेवन बेकायदाच असून तशी सूचना अर्ज ४४७३वर छापलेली असते. अर्जातील खोटे उत्तर हा स्वतंत्र गुन्हा आहे. तत्कालीन अध्यक्षांचे पुत्र हंटर बायडेन हे जून २०२४मध्ये डेलावेअरच्या न्यायालयात दोषी ठरले ते अशाच उत्तरामुळे आणि व्यसनाधीन असताना रिव्हॉल्व्हर बाळगल्यामुळे. त्यांना वडिलांनी माफी दिली. अपात्र असताना शस्त्र बाळगण्याची कमाल शिक्षा २०२२पासून १५ वर्षांची आहे. नागरिक नसलेल्यास शस्त्रविषयक गुन्ह्यात शिक्षा झाल्यास, ग्रीन कार्ड असले तरी, देशाबाहेर काढण्याची कारवाई होऊ शकते.